मॅट्रिक्स गुणाकाराच्या जलद कोडची कुळकथा

दोन मॅट्रिक्सचा गुणाकार करणारा कोड तीन लूपमध्ये लिहून होतो. पहिल्या मॅट्रिक्समधली आडवी ओळ घ्यायची, दुसऱ्यातला उभा स्तंभ घ्यायचा, जोडीजोडीने गुणायचे आणि बेरीज मांडायची. हवामानाचा अंदाज, पुलाच्या सांगाड्यावरचा ताण, न्यूरल नेटवर्कचे प्रशिक्षण या सगळ्यांच्या तळाशी हेच काम असते. हा साधा कोड आणि ओपनब्लास या ओपन सोर्स लायब्ररीतला कोड एकाच संगणकावर चालवले, तर मोठ्या मॅट्रिक्ससाठी लागणाऱ्या वेळेत दहापट, कधी शंभरपटही फरक पडतो. गुणाकारांची संख्या मात्र दोन्हींत सारखीच असते. ओपनब्लास वेळ वाचवते ती मुख्यतः आकड्यांच्या मेमरीतून होणाऱ्या खेपा कमी करून, आणि हे तंत्र हाती यायला तीनेक दशके गेली.

या कुळाची सुरुवात १९७० च्या दशकात झाली. तेव्हा वैज्ञानिक गणिताचे बहुतेक प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये असत, आणि दोन सदिशांचा बिंदुगुणाकार किंवा एकाच्या पटीची दुसऱ्यात बेरीज अशी किरकोळ कामे जो तो आपापल्या पद्धतीने लिही. चार्ल्स लॉसन, रिचर्ड हॅन्सन, डेव्हिड किनकेड आणि फ्रेड क्रॉग यांनी अशी ३८ कामे निवडली, प्रत्येकाचे नाव आणि त्याला द्यायच्या माहितीचा क्रम पक्का केला आणि १९७९ मध्ये तो संच प्रसिद्ध केला. तोच ‘ब्लास’. समीकरणे सोडवणाऱ्या लिनपॅक या लायब्ररीने त्याच सुमारास तो आधाराला घेतला. या संचाचे मोल त्यातल्या कोडपेक्षा ठरवून दिलेल्या नावांत अधिक होते. नाव तेच ठेवून आतला कोड प्रत्येक यंत्रासाठी नव्याने लिहायला सगळ्यांना मोकळीक मिळाली, आणि वरचा प्रोग्रॅम न बदलता जलद होऊ लागला. पुढचा सारा वंश या एका निर्णयावर उभा आहे.

पहिल्या ब्लासमध्ये सदिशांचीच कामे होती. अशा कामात मेमरीतून आणलेला आकडा एखाद-दुसऱ्या गणितात वापरला जातो आणि सोडून दिला जातो. प्रोसेसरचा वेग मेमरीच्या वेगापेक्षा फार झपाट्याने वाढू लागला, तसा प्रोसेसर आकड्यांची वाट पाहत बसू लागला. १९८८ मध्ये मॅट्रिक्स आणि सदिश यांच्या गुणाकाराची दुसरी पातळी आली. तिचा उपयोग मुख्यतः क्रेसारख्या सदिश-महासंगणकांना झाला. खरे वळण १९९० ची तिसरी पातळी. जॅक डोंगारा, जेरेमी डू क्रोझ, इयन डफ आणि स्वेन हॅमरलिंग यांनी तीत मॅट्रिक्स-मॅट्रिक्स गुणाकार आणला. मॅट्रिक्स न बाय न ची धरली, तर इथे आकडे न वर्गाच्या प्रमाणात असतात आणि गणिते न घनाच्या, म्हणजे एकदा आणलेला आकडा पुन:पुन्हा वापरायला भरपूर वाव असतो. १९९२ मध्ये आलेली लापॅक ही लायब्ररी याच विचाराने रचली गेली.

वाव असतो, पण साधा कोड तो वाया घालवतो. १००० बाय १००० ची मॅट्रिक्स घेतली, तर प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरून ती ८० लाख बाइटची होते आणि गुणाकार करावे लागतात १०० कोटी. सी भाषेत आकडे ओळीमागून ओळ असे साठवलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या मॅट्रिक्सच्या स्तंभातून खाली उतरताना प्रत्येक पाऊल ८००० बाइटचे पडते. मेमरी एका वेळी ६४ बाइटचा तुकडा पाठवते. त्यात आठ आकडे येतात आणि त्यांतला एकच कामी येतो. उरलेले सात शेजारच्या स्तंभांसाठी उपयोगी पडले असते. पण एक स्तंभ संपेपर्यंत असे १००० तुकडे, म्हणजे ६४,००० बाइट जमा होतात, आणि प्रोसेसरलगतच्या पहिल्या कॅशेत, म्हणजे छोट्या पण जलद मेमरीत, जेमतेम ३२ किलोबाइटची जागा असते. पुढच्या स्तंभाची पाळी येईपर्यंत ते आकडे बाहेर फेकले गेलेले असतात.

उपाय म्हणून मॅट्रिक्सचे लहान चौकोनी ठोकळे पाडायचे आणि ठोकळा कॅशेत असेतोवर त्याच्याकडून होईल तेवढे काम करून घ्यायचे, हे तत्त्व तिसरी पातळी येईपर्यंत सर्वांना ठाऊक झाले होते. ठोकळा केवढा घ्यायचा, हे मात्र प्रत्येक चिपसाठी वेगळे ठरवावे लागे. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या तो कोड स्वतः लिहीत आणि बहुधा बंद ठेवत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कलीच्या फायपॅक आणि टेनेसी विद्यापीठाच्या ॲटलास या प्रकल्पांनी हे काम संगणकावरच सोपवले. क्लिंट व्हेली आणि डोंगारा यांची ॲटलास स्थापित होतानाच कोडचे अनेक नमुने तयार करी, प्रत्येकाला घड्याळ लावी आणि सर्वांत वेगवान तो ठेवी. स्थापनेला कधी तासन्‌तास लागत, पण कोणाही विद्यार्थ्याच्या संगणकाला मोफत आणि बराच जलद ब्लास मिळू लागला.

ॲटलासला मागे टाकले ते एका माणसाच्या हातच्या कामाने. जपानच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणारे काझुशिगे गोटो २००२ मध्ये रजेवर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आले आणि तिथेच रमले. ते गाभ्याचा, म्हणजे सर्वांत आतल्या लूपचा, कोड असेम्ब्ली भाषेत, एकेक सूचना तोलून लिहीत. त्यांचा विशेष मात्र निदानात होता. बाकीचे लोक पहिल्या कॅशेवर नजर ठेवून असताना गोटोंनी टीएलबीकडे बोट दाखवले. मेमरी सहसा ४०९६ बाइटच्या पानांत विभागलेली असते, आणि अलीकडे वापरलेल्या पानांचे पत्ते टीएलबी या छोट्या तक्त्यात राहतात. वरच्या उदाहरणातले ८००० बाइटचे प्रत्येक पाऊल नव्या पानावर पडते. एका स्तंभाला १००० पाने लागतात, तर या तक्त्यात साधारण ६४ पत्ते मावतात. पत्ता तक्त्यात सापडला नाही की तो शोधेपर्यंत काम खोळंबते.

म्हणून गोटोंनी ठोकळ्यातले आकडे ज्या क्रमाने लागणार त्याच क्रमाने सलग जागेत आधी उतरवून घेतले. पहिल्या मॅट्रिक्सचा मोठा ठोकळा त्यांनी त्याहून मोठ्या दुसऱ्या कॅशेत ठेवला आणि दुसऱ्या मॅट्रिक्सच्या अरुंद पट्ट्या पहिल्या कॅशेतून पुढे सरकवल्या. आकडे उतरवण्याचा खर्च न वर्गाचा आणि गणित न घनाचे, त्यामुळे मोठ्या मॅट्रिक्समध्ये तो खर्च सहज भरून निघतो. प्रत्यक्ष गुणाकार प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरांत होतो: एका मॅट्रिक्सचे चार आणि दुसऱ्याचे चार असे आठ आकडे उचलले की सोळा गुणाकार होतात, आणि सोळाही बेरजा रजिस्टरांतच वाढत राहतात. रॉबर्ट व्हॅन डी गाईन यांच्यासह लिहिलेल्या २००८ च्या निबंधात गोटोंनी ही रचना कारणांसकट उलगडून दाखवली. एरवी एका कुशल हातापुरते राहिले असते ते तंत्र त्यामुळे इतरांना शिकता आले.

२०१० मध्ये गोटो विद्यापीठ सोडून गेले आणि गोटोब्लासचे काम थांबले. पुढच्याच वर्षी इंटेलच्या सँडी ब्रिज चिपा एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या एव्हीएक्स सूचनांसह बाजारात आल्या, आणि त्यांच्याजोगा गाभा या लायब्ररीत नव्हता. पण शेवटची आवृत्ती बीएसडी परवान्याखाली खुली होती. चिनी विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेतील झांग शियानयी यांनी २०११ मध्ये तिच्यापासून ओपनब्लास उभी केली. सुरुवातीचे लक्ष्य चिनी बनावटीची लुंगसन चिप होते. आता तिच्यात अनेक जातींच्या प्रोसेसरांसाठी वेगवेगळे गाभे आहेत, आणि समोर कोणती चिप आहे हे ओळखून त्यांतला योग्य तो गाभा प्रोग्रॅम चालतानाच निवडता येतो. पायथनची नमपाय लायब्ररी तयार स्वरूपात उतरवून घेतली, तर बहुतेक संगणकांवर ओपनब्लास तिच्यासोबतच येते.

या वेगाबरोबर एक गोष्ट स्वीकारावी लागते. दशांश अपूर्णांकांच्या बेरजेत संगणक प्रत्येक पायरीला आकडा ठराविक अंकांपर्यंत आणून ठेवतो, म्हणून बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. ठोकळे पाडल्याने क्रम बदलतोच. तोच प्रोग्रॅम दोन चिपांवर पंधराव्या-सोळाव्या अंकात वेगळे उत्तर देतो, याचे हे एक नेहमीचे कारण आहे. १९६९ मध्ये फोल्कर स्ट्रासेन यांनी गुणाकारांची संख्याच कमी करणारी रीत शोधली होती; पण तिला जादा मेमरी लागते आणि अचूकतेची हमीही सैल होते, म्हणून या लायब्रऱ्यांनी ती सहसा घेतली नाही.

वंशातली पुढची शाखाही ऑस्टिनचीच. फील्ड व्हॅन झी आणि व्हॅन डी गाईन यांची ब्लिस ही लायब्ररी २०१५ च्या निबंधातून मांडली गेली. गोटोंची रचना तिने अधिक बारीक सोलली: ठोकळे पाडणारे आणि आकडे उतरवणारे सर्व लूप साध्या सीमध्ये राहिले, आणि चिपनुसार बदलणारा भाग उरला तो फक्त सर्वांत आतला सूक्ष्म गाभा. इंटेलच्या हॅसवेल चिपसाठीचा तिचा गाभा ६ बाय ८ चा आहे. सोळांपैकी बारा रजिस्टरांत, प्रत्येकात चार याप्रमाणे, बेरजा राहतात आणि उरलेल्या चारांतून दोन्ही मॅट्रिक्सचे आकडे ये-जा करतात. एएमडीने आपल्या प्रोसेसरांसाठीचा ब्लास हिच्यावरच बेतला, आणि २०२३ चे विल्किन्सन पारितोषिक ब्लिसला मिळाले. नवी चिप आली की तिच्यासाठी प्रामुख्याने हा लहानसा गाभा आणि ठोकळ्यांची मापे ठरवावी लागतात. बाकीचा कोड, आणि १९९० मध्ये ठरलेले मॅट्रिक्स गुणाकाराच्या कामाचे नाव, जसेच्या तसे चालते.