विनंती–प्रतिसाद चक्र (जँगो)

विनंती–प्रतिसाद चक्र ही जँगो या वेब फ्रेमवर्कची मूलभूत कार्यपद्धती होय. ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारणे, तिच्यावर प्रक्रिया करणे आणि प्रतिसाद परत पाठवणे, हे टप्पे त्यात येतात. पायथन भाषेत लिहिलेले जँगो हे एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी अमेरिकेतील लॉरेन्स (कॅन्सस) येथील एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळांसाठी विकसित केले. २००५ मध्ये ते मुक्तस्रोत स्वरूपात प्रसिद्ध झाले.

विनंतीचा प्रवास

विनंतीची पद्धत (गेट, पोस्ट इत्यादी), पत्ता, हेडर व कुकीज ही माहिती जँगो एका ऑब्जेक्टमध्ये एकत्र करते. हे ऑब्जेक्ट मिडलवेअरच्या थरांतून क्रमाने पुढे जाते. सत्र, लॉगिन व बनावट विनंत्यांपासून संरक्षण ही कामे या थरांत होतात. एखाद्या थराने स्वतःच प्रतिसाद दिल्यास विनंती पुढे जात नाही. त्यानंतर पत्ता नमुन्यांच्या यादीशी ताडला जातो. जुळणाऱ्या पहिल्या नमुन्याशी जोडलेले ‘व्ह्यू’ हे फंक्शन प्रतिसाद तयार करते आणि तो त्याच थरांतून उलट क्रमाने परततो.

देवनागरी पत्ते

‘भिवंडी’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हे आहेत. यूटीएफ-८ संकेतनात त्यांचे १८ बाइट होतात व पत्त्यात ते टक्केचिन्हांसह ५४ अक्षरांच्या रूपात जातात. जँगो त्यांचे पुन्हा ‘भिवंडी’ असे रूपांतर करते. तथापि, ‘स्लग’ प्रकारचा नमुना केवळ रोमन अक्षरे, अंक, जोडरेघ व अधोरेखा स्वीकारतो. त्यामुळे देवनागरी पत्ता त्याच्याशी जुळत नाही. ‘स्ट्रिंग’ प्रकारचा नमुना तो स्वीकारतो.

शीर्षकावरून पत्ता बनवणाऱ्या ‘स्लगिफाय’ या फंक्शनची मर्यादा अधिक गंभीर आहे. मूळ मांडणीत ते देवनागरी शब्द पूर्णतः वगळते. युनिकोडची मुभा दिल्यावरही पायथन काना, मात्रा, वेलांटी, उकार व अनुस्वार यांना अक्षरांत गणत नसल्याने ‘भिवंडी’चे ‘भवड’ होते. ‘पुणे’ आणि ‘पाणी’ या दोन्ही शीर्षकांपासून ‘पण’ हाच पत्ता तयार होतो. यावर उपाय म्हणून देवनागरी चिन्हे सामावणारे स्वतंत्र फंक्शन व नमुना लिहिता येतो, किंवा पत्त्यात लेखाचा क्रमांक वापरता येतो.

प्रतिसाद

प्रतिसादात मजकूर, हेडर व स्थितिसंकेत असतो: यशस्वी विनंतीस २००, अन्यत्र वळवल्यास ३०२, पान न सापडल्यास ४०४ व सर्व्हरवरील त्रुटीस ५००. अर्ज स्वीकारल्यावर ३०२ देण्याची प्रथा आहे. त्यामुळे पान ताजे केल्यास तोच अर्ज दुसऱ्यांदा दाखल होत नाही.