तांब्याचा वायसर आणि तांबटाची भट्टी

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. तिथल्या एका गॅरेजमध्ये जुन्या ट्रकच्या ब्रेकचा होज पाइप बदलताना आम्ही पाहत होतो. मिस्त्रींनी पाइपासोबत तांब्याचे दोन वायसरही काढून फेकले. "मेले ते," म्हणाले. वायसर दिसायला तर धडधाकट होते. मग 'मेले' म्हणजे काय?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात दाखवले. या नियमावर ब्रामाने १७९५ मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. पण दाब कामाच्या जागी पोचतो, तसाच प्रत्येक फटीपाशीही पोचतो! ब्रामाच्या कारखान्यातील मॉडस्ले याने गळती थांबवण्यासाठी चामड्याचे कडे बसवले. दाब वाढेल तसे ते अधिकच घट्ट बसे.

लॉघेडने १९१७ मध्ये द्रवचलित ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ च्या डुसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. सुरुवातीच्या चामडी वाट्या गळत. १९२४ च्या क्रायसलर मोटारीत रबरी वाट्या आल्या, तेव्हा हा ब्रेक भरवशाचा झाला.

आता आपला वायसर. होज पाइपाच्या टोकाचे कडे पोकळ बोल्टने आवळतात. कड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वायसर असतो. पोलादी पृष्ठभाग गुळगुळीत दिसला, तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. बोल्ट आवळला की मऊ तांबे दबते आणि त्या खाचा भरून काढते. गळती थांबते ती इथे, आट्यांमध्ये नाही. म्हणून आट्यांना टेप गुंडाळून उपयोग नसतो.

मात्र दबताना तांबे टणक होते. हे तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठोकून कडक झालेले भांडे ते लाल तापवून पुन्हा मऊ करतात. पोलादासारखे ते पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही. याचे कारण कळू लागले १९३४ मध्ये. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे सुचवले की स्फटिकातील अणूंच्या रांगांतले दोष सरकतात, म्हणून धातू वाकतो. धातू दाबला की हे दोष वाढून एकमेकांत अडकतात. तापवल्यावर नवे, कमी दोषांचे स्फटिक तयार होतात.

वापरलेला वायसर तापवून मऊ करता येतो. पण त्याची झिजलेली जाडी आणि उमटलेले वळ परत भरून येत नाहीत. म्हणून ब्रेकसाठी योग्य मापाचा नवाच घ्यावा. आतून रबर असलेला पोलादी वायसरही मिळतो. त्यातले रबर बहुधा नायट्राइल असते. ते खनिज तेलात टिकते, पण ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइलमध्ये फुगते. ज्या जुन्या ट्रकमध्ये सर्व चाकांना एकच तेलमार्ग असतो, तिथे एका सांध्याच्या गळतीने सगळेच ब्रेक जाऊ शकतात.

वर्गात हे सहज दाखवता येईल. जाड, उघडी तांब्याची तार शिक्षकांनी ज्योतीवर लाल तापवून थंड करावी. विद्यार्थ्यांनी ती एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवावी. ती कडक होत गेल्याचे बोटांनाच कळेल. मग ती पुन्हा तापवावी. मिस्त्रींच्या 'मेले' या शब्दाचा अर्थ, आणि तांबटाच्या भट्टीचे महत्त्व, दोन्ही समजतील.