विमानकंपनीचा कारभारी आणि राजीनाम्याचा शिरस्ता

९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या विमानतळावर दाट धुक्यात उतरताना इंडियन एअरलाइन्सच्या सेवेतील एक तुपोलेव्ह विमान आदळून उलटले, मोडले आणि पेटले. परंतु हैदराबादेहून आलेल्या त्या विमानातील १६५ जणांपैकी एकाचाही प्राण गेला नाही. असे असूनही नागरी विमान वाहतूक खात्याचे मंत्री माधवराव शिंदे यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याचा अर्थ नीट ध्यानात यावयाचा, तर ते विमान मुळात तेथे आले कसे, याची थोडी चौकशी केली पाहिजे. १९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला होता, आणि संपापुढे न नमता सेवा चालू ठेवावी या हेतूने सरकारने परदेशी विमाने त्यांच्या वैमानिकांसह भाड्याने घेण्याचा मार्ग पत्करला होता. हे विमान त्याच व्यवस्थेखाली उझबेकिस्तानातून आलेले होते. अपघात धुक्यामुळे घडला असेल. परंतु त्या धुक्यात तेच विमान आणि तेच वैमानिक उतरत होते, ते सरकारी धोरणाचे फलित होते. आपल्या हुकुमाची साखळी जेथपर्यंत पोहोचते तेथपर्यंत आपली जबाबदारीही पोहोचते, हे शिंद्यांनी ओळखले, आणि मला त्यांच्या राजीनाम्याचे मोल नेमके येथेच वाटते.

हा शिरस्ता आपल्याकडे रूढ झाला तो रेल्वेच्या खात्यात. १९५६ च्या सप्टेंबरात महबूबनगरजवळ पूल खचून आगगाडी कोसळली, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादुर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला होता, परंतु पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. पुढे दोन-तीन महिने लोटतात न लोटतात तोच, २३ नोव्हेंबर रोजी, मद्रासहून तुतिकोरिनकडे निघालेली गाडी पुराने खचलेल्या मार्गामुळे अरियलूरनजीक नदीत गेली आणि शंभराहून अधिक उतारू मृत्युमुखी पडले. या वेळी शास्त्रीजी आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. राजीनामा स्वीकारताना नेहरूंनी लोकसभेत जी भूमिका मांडली तिचा आशय असा, की या दुर्घटनेस शास्त्री व्यक्तिशः कारण आहेत असे नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा एक दाखला घालून द्यावा म्हणून हा राजीनामा स्वीकारावयाचा. त्या दाखल्याचा वचक पुढे कित्येक वर्षे राहिला, आणि १९९९ साली गैसल येथे दोन गाड्यांची टक्कर झाल्यावर नीतीश कुमार यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले तेही त्याच परंपरेला अनुसरून.

विमानांच्या बाबतीत जबाबदेहीचे हे ओझे मंत्र्यांच्या खांद्यावर येण्यास एक निश्चित कारण होते. १९५३ च्या कायद्याने देशातील हवाई वाहतूक सरकारने आपल्या ताब्यात घेतली, एअर इंडिया इंटरनॅशनल आणि इंडियन एअरलाइन्स ही दोन महामंडळे स्थापन केली, आणि त्यामुळे विमान उशिरा सुटले किंवा सुटलेच नाही, तरी त्याचा जाब विचारावयाचे अंतिम ठिकाण संसद हेच ठरले. महामंडळाचा अध्यक्ष हा अशा व्यवस्थेत किती परावलंबी असतो, याचे उदाहरण जे. आर. डी. टाटा यांच्या चरित्रात सापडते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग विमान सांताक्रूझहून उडाल्यानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळून २१३ जण प्राणास मुकले. आणि महिनाभरातच मोरारजी देसाई यांच्या सरकारने टाटांना अध्यक्षपदावरून दूर केले. पाव शतक विनावेतन सांभाळलेले हे पद आपल्याकडून काढून घेतले गेल्याची वार्ता त्यांना, त्या जागी नेमल्या गेलेल्या निवृत्त एअर चीफ मार्शल लाल यांच्याकडूनच कळली. ज्याला कैफियत देण्याची संधीच मिळत नाही अशा माणसाची ही बडतर्फी आणि शास्त्रीजींचा राजीनामा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्र दोहोंचा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून एकच दिसतो, तो म्हणजे एक माणूस गेला.

१९९४ साली हवाई महामंडळांचा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना आकाश मोकळे झाले, आणि जुना शिरस्ता आधारहीन झाला. कंपनीचा मुख्य अधिकारी संचालक मंडळाला बांधलेला, मंडळ भागधारकांना बांधलेले, आणि उतारू मात्र कोणालाच बांधलेला नाही, अशी ही नवी रचना होती. २०२५ च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुरते मनुष्यबळ तयार न ठेवल्यामुळे इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा मुंबई-पुण्यापासून सर्वत्र खोळंबलेल्या लोकांनी मंत्र्यांकडे बोट दाखवावे की कंपनीकडे, याचाच उलगडा होईना.

या नव्या रचनेत जबाबदेहीची काय अवस्था होते, हे लंडनच्या हिथ्रो विमानतळावर २००८ साली जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसले असेल. चार अब्ज तीस कोटी पौंड खर्चून उभारलेले पाचवे टर्मिनल राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते १४ मार्च रोजी उद्‌घाटित झाले, आणि २७ मार्च रोजी ते ब्रिटिश एअरवेजच्या उतारूंसाठी उघडले. पहिल्याच पहाटे कामगारांना आपल्या गाड्या लावण्यास जागा सापडेना. जागा मिळाली त्यांना सुरक्षा तपासणीच्या रांगेत ताटकळावे लागले. आत पोहोचले त्यांना सामान हाताळणाऱ्या यंत्रणेत संगणकावरून शिरता येईना. चाचणीच्या काळात बाहेरचे संदेश अडविण्यासाठी घातलेला संगणकातील एक अडसर काढावयाचा राहून गेला होता, म्हणून इतर कंपन्यांच्या विमानांतून आलेल्या सामानाचा थांगपत्ता यंत्रणेला लागत नव्हता. पहिल्या दिवशी ३४ उड्डाणे रद्द झाली, पुढील दिवसांत ही संख्या कित्येक शेकड्यांवर गेली, आणि साचलेल्या हजारो बॅगांपैकी काही तर निवडून लावण्यासाठी इटलीतील मिलान शहरी धाडाव्या लागल्या.

ब्रिटिश एअरवेजचे प्रमुख विली वॉल्श यांनी दोष आपला असल्याचे जाहीर केले, त्या वर्षीचा बोनस सोडला, परंतु पद सोडले नाही. एप्रिलच्या मध्यास दोन संचालक कंपनीतून गेले. एकाकडे कामकाज होते, दुसऱ्याकडे ग्राहकसेवा. पुढे ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने साक्षी घेतल्या, तेव्हा कामगार संघटनेच्या प्रतिनिधींनी प्रशिक्षण अपुरे असल्याची तक्रार मांडली, आणि इमारतीचे काम लांबल्यामुळे चाचण्यांत तडजोड केली गेली, हे स्वतः वॉल्श यांनीच मान्य केले. मला सारा प्रश्न या एका कबुलीत सामावलेला दिसतो. चाचण्या अपुऱ्या राहिल्या असता, ठरलेली तारीख न मोडता दरवाजे उघडावयाचे, हा निर्णय सामान उचलणाऱ्या हमालाचा नव्हता आणि एखाद्या खात्याच्या प्रमुखाचा एकट्याचाही नव्हता. तो शिखरावरचा निर्णय होता. मग शिक्षा पायथ्याकडे का सरकावी?

वॉल्श यांच्या बाजूने जे बोलले जाते तेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. विस्कटलेली घडी बसविण्याचे काम ज्याला तिची वीण ठाऊक आहे त्यानेच करावे, हा युक्तिवाद पोकळ नाही. टर्मिनल काही आठवड्यांत सुरळीत झाले, आणि २०११ साली ब्रिटिश एअरवेज व स्पेनची आयबेरिया यांच्या एकत्रीकरणातून निघालेल्या समूहाचे प्रमुखपद वॉल्श यांच्याकडेच आले. याउलट अमेरिकेतील जेटब्लूचे संस्थापक डेव्हिड नीलमन यांनी २००७ च्या फेब्रुवारीतील बर्फवृष्टीत उतारू धावपट्टीवर तासन्‌तास कोंडले गेल्यानंतर मनःपूर्वक क्षमा मागितली, प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली, आणि तरीही मे महिन्यात संचालक मंडळाने त्यांचे मुख्याधिकारीपद काढून घेतले. जपानमध्ये १९८५ साली ५२० बळी घेणाऱ्या अपघातानंतर जपान एअरलाइन्सचे अध्यक्ष ताकागी यांनी पद सोडले, जरी त्या विमानाच्या मागील भागाची सदोष दुरुस्ती सात वर्षांपूर्वी बोइंगच्या तंत्रज्ञांनी केलेली होती.

या सर्व दाखल्यांवरून माझे मत असे बनले आहे, की केवळ मोठी हानी झाली म्हणून प्रमुखाने जावे, हा नियम अन्यायाचा आहे, आणि केवळ तो उपयुक्त आहे म्हणून त्याने राहावे, हा नियम त्याहून अधिक अन्यायाचा आहे. धोका पुढे दिसत असता ज्याने तो पत्करण्याचा हुकूम दिला, त्याने आधी लोकांची सोय लावावी, मग कारणांची कैफियत उघडपणे मांडावी, आणि नंतर राजीनामा मंडळापुढे ठेवावा. तो मंजूर करावयाचा की नाही हा अखत्यार मंडळाचा. वॉल्श यांनी पहिल्या दोन गोष्टी केल्या. तिसरी मात्र त्यांच्या हाताखालच्या दोघांच्या वाट्याला आली.