चाकातला दिवा

सायकलीचा इतिहास म्हटलं की चाक, साखळी, हवेचे टायर यांचीच नावं निघतात. दिव्याची आठवण सहसा कुणाला होत नाही. पण दिवस मावळल्यावरही माणूस सायकलवरून बाहेर राहू शकला, तो दिव्यामुळं. आणि हा दिवा भरवशाचा आहे का, हा प्रश्न सायकल चालवणाऱ्याइतकाच घरात वाट बघणाऱ्या बाईचाही होता. म्हणून हा इतिहास मला आपल्या घरातला वाटतो.

सुरुवातीला सायकलीला तेलाचा दिवा लावत. वारा आला की विझायचा, खड्ड्यात चाक आदळलं तरी विझायचा. मग कार्बाइडचा दिवा आला. वरच्या कप्प्यातलं पाणी थेंब थेंब खालच्या कार्बाइडच्या खड्यांवर पडायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि पांढराशुभ्र उजेड पडायचा. उजेड झकास, पण वास उग्र; शिवाय दुसऱ्या दिवशी आतला चुन्याचा राडा खरवडत बसायचं. दोन्ही दिव्यांत उघडी ज्योत. पावसाळ्याच्या दिवसांत तिच्यावर पाखरं झेपावायची, ते आमच्यासारख्या जैन घरांना जास्तच खुपायचं.

डायनॅमोनं ही ज्योतच काढून टाकली. लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ फिरवलं की वीज निघते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं होतं. सायकलला फिरणारं चाक आयतंच होतं. बाटलीच्या आकाराचा डायनॅमो, म्हणजे आपल्या बोलीतला ‘डायनामा’, काट्याला बसवायचा. कळ दाबली की त्याचं दातेरी डोकं टायरला टेकायचं आणि चाकाबरोबर गरगरायचं. सहा व्होल्ट, तीन वॅट, एवढीच त्याची ताकद. पण तेल नको, कार्बाइड नको, सेल नको. पायात जोर असेतोवर उजेड.

आमच्या घरी जेवण दिवस मावळायच्या आत. मामंजी जेवून पुन्हा दुकानात जायचे आणि नऊच्या सुमाराला सायकलवरून परत यायचे. आधी डायनाम्याचा तो गुंईऽऽ आवाज यायचा, मग भिंतीवर उजेड हलायचा. तो आवाज आला की सासूबाई उठून कडी काढायच्या. अळणावरातल्या कितीतरी घरांत हेच चालायचं.

पण पाऊस लागला की हा डायनामा दगा द्यायचा. आमचं गाव सह्याद्रीच्या कडेला, हल्याळ-दांडेलीच्या रानाला लागून. टायर ओलं झालं की डायनाम्याचं डोकं त्याच्यावरून घसरायचं, दिवा मिणमिणायचा. चिखल बसला की बघायलाच नको. म्हणजे दिव्याची गरज जेव्हा सगळ्यात जास्त, नेमका तेव्हाच तो पळ काढणार. मागचा बल्ब गेला तर सगळा जोर पुढच्या बल्बवर यायचा आणि उतारावर तोही उडायचा. सायकल थांबली की अंधार. अळणावर हे रेल्वेचं जंक्शन. रात्री फाटकापाशी उभी राहिलेली सायकल मागून येणाऱ्या ट्रकला दिसायची नाही.

यावरचा तोडगा इंग्लंडात १९३० च्या दशकातच निघाला होता. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीनं डायनॅमो चाकाच्या हबमध्येच बसवला आणि त्याला ‘डायनोहब’ नाव दिलं. ही कंपनी रॅले सायकलवाल्यांच्याच घरातली. आसाच्या भोवतीचं तारेचं वेटोळं जागच्या जागी, आणि त्याच्याभोवती चुंबकाचं कडं चाकाबरोबर फिरणार. टायरला घासणं नाही, घसरणं नाही, आवाज नाही. पाऊस असो की चिखल, चाक फिरतंय तोवर दिवा आहे. कंपनी ते १९८४ पर्यंत बनवत होती.

मग आपल्याकडच्या बाजारात बाटलीच का दिसायची? हब महाग, आणि तो बसवायचा तर अख्खं चाक उलगडून नव्यानं ताऱ्या ओवाव्या लागतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डायनोहबमधलं चुंबकाचं कडं नुसतं बाहेर काढून ठेवलं की त्याचं चुंबकत्व उतरतं. त्याच्यात लोखंडी तुकडा भरूनच ते काढायचं असतं. आपला सायकलवाला हाताला येईल ते खोलून बघणारा. त्यानं हब एकदा उघडला की दिवा कायमचा मंदावणार. बाटली बिघडली तर तो दुपारी दुरुस्त करून देणार, आणि नाहीच जमलं तर नवी मिळणार.

म्हणजे भरवसा दोन तऱ्हांचा असतो. एक, वस्तू बिघडतच नाही. दुसरा, बिघडली तरी गावात नीट होते. हबचा भरवसा पहिल्या तऱ्हेचा, बाटलीचा दुसऱ्या. साधनं कमी होती तेव्हा आपल्या लोकांनी दुसरा पत्करला, आणि तो शहाणपणाचाच होता. पण त्याची किंमत पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री मोजावी लागायची.

लांबच्या प्रवासाला मात्र पहिलाच भरवसा लागतो. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर पुरे करून परतले. डायनोहब तेव्हा जन्मायचा होता. आज पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या फेरीला जाणाऱ्यांत आपल्याकडची मुलंमुलीही असतात. वेळ ९० तास, म्हणजे रात्री रात्री सायकल हाकणं आलंच. त्यांच्यातले कितीतरी जण हबचाच डायनॅमो घेतात.

जर्मनीत १९९० च्या दशकात विल्फ्रीड श्मिट यांनी हब पुन्हा नव्यानं घडवला. त्याचा खरा शत्रू पाणी. चालून गरम झालेला हब ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते, मग बेअरिंग गंजतं. श्मिट यांनी आतला-बाहेरचा दाब सारखा राखायची सोय केली. हल्लीच्या एलईडीला वीज थोडी लागते, आणि दिव्यातच थोडी वीज साठत असल्यानं सायकल थांबल्यावरही तो काही मिनिटं तेवत राहतो. फाटकापाशी हवा होता तो हाच दिवा.

मैत्रिणींनो, कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या मुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या आणि खेड्यातली मुलगी शाळेपर्यंत पोचली. पण शिकवणी संपेपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो. बाजारातल्या बहुतेक सायकलींना मागं लाल काच असते, पुढं दिवा नसतो. सेलचा दिवा घेतला तर सेल कधी संपतील याचा नेम नाही, आणि शाळेच्या आवारात तो काढून न्यायला वेळ लागत नाही. चाकातला दिवा कुणी सहज काढून नेत नाही, तो लावायला कुणी विसरत नाही. जर्मनीत २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोचा दिवा कायद्यानंच सक्तीचा होता. तिथं दिवा हा सायकलीचाच भाग मानला गेला.

आपण मुलीसाठी सायकल घेताना रंग बघतो, टोपली बघतो, उंची बघतो. दुकानदाराला आणखी एक विचारूया : दिवस मावळल्यावर ही घरापर्यंत येईल का?