पूर्ण चौकटीचा प्रश्न

गेले वर्षभर आम्हां काही मित्रांच्या बैठकीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे : फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा की नाही? आम्ही सारे मराठीचे अध्यापक. धाराशिव जिल्ह्यातील वीरगळ, शिलालेख, पोथ्या आणि देवळांवरील शिल्पे यांची छायाचित्रे आम्ही सुट्टीच्या दिवशी हिंडून घेत असतो. वर्गणी काढून घेतलेला आमचा कॅमेरा लहान संवेदकाचा आहे आणि त्याला आता बारा वर्षे झाली. नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढे खर्च. भिंगांचा हिशेब धरला तर तो आणखी वाढतो. अशा वेळी लोक दुकानदाराला विचारतात किंवा एखाद्या जाणकाराला गाठतात. आम्ही इतिहासाकडे वळलो. खोड जुनीच आहे, परंतु या वेळी तिचा उपयोग झाला असे वाटते. म्हणून हे टिपण.

आरंभ शब्दापासूनच करू. 'फुल-फ्रेम' म्हणजे पूर्ण चौकट. ती पूर्ण, तर मग आमच्याजवळची अपूर्ण, असा ध्वनी त्या नावातून आपसूक निघतो. या चौकटीचे माप ३६ × २४ मिलिमीटर. ते आले कोठून? जर्मनीतील ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फीत स्थिरचित्रणासाठी वापरून पाहिली. चित्रपटाची चौकट २४ × १८ मिलिमीटरची असे. त्याने ती दुप्पट केली. १९२५ साली 'लायका' बाजारात आला तो याच मापाचा. काचेच्या पट्ट्यांवर काम करणाऱ्या त्या वेळच्या छायाचित्रकारांना हे माप इतके क्षुद्र वाटले की असल्या कॅमेऱ्यांना 'मिनिएचर' म्हणण्याची रीत पडली. त्यांची स्वतःची पट्टी साडेसहा × साडेआठ इंचांची होती आणि तिला ते 'होल प्लेट' किंवा 'फुल प्लेट' म्हणत. तिचे क्षेत्रफळ आजच्या फुल-फ्रेमच्या सुमारे ४१ पट भरते.

एकाच विशेषणाने दोन पिढ्यांत एवढा पल्ला गाठला. त्याचे कारणही सरळ आहे. सुरुवातीच्या अंकीय कॅमेऱ्यांत मोठा संवेदक बसवणे फार महाग पडे, म्हणून लहान संवेदक बसवले गेले. जुन्या फिल्मसाठी घडवलेली भिंगे त्यांवर लावली की चित्राच्या कडा कापल्या जात. २००२ साली काँटॅक्स आणि कॅनन यांनी जुनी चौकट संपूर्ण भरणारे संवेदक आणले, आणि २००५ च्या कॅनन ५डी पासून ते हौशी लोकांच्या थोडे आवाक्यात आले. त्यांना 'फुल' म्हटले गेले ते या तुलनेत. पूर्णत्व असे सापेक्ष असते. साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. 'बृहत्' आणि 'लघु' ही विशेषणे आपणही अशीच वापरत आलो आहोत.

आता आमच्या जिल्ह्याकडे येऊ. धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेण्यांची पद्धतशीर पाहणी जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात केली आणि तिचा वृत्तान्त १८७८ साली प्रसिद्ध झाला. तो काळ ओल्या काचपट्टीचा होता. जागेवर अंधारा तंबू उभारायचा, काचेवर रसायन ओतायचे, ते ओले आहे तोवर चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ते धुऊन काढायचे. या साऱ्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळत. अशा काळातील त्या वृत्तान्ताचे मोल आज आहे ते त्यातील मोजमापांमुळे, तलविन्यासांमुळे आणि नेमक्या वर्णनामुळे. ही लेणी मुळात बौद्ध आणि नंतर जैन झाली, की आरंभापासूनच जैन, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्या वादात उतरणाऱ्याला गाभाऱ्यातील पार्श्वनाथाच्या मूर्तीची बैठक आणि तिच्यावरील खुणा पाहाव्या लागतात, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही बर्जेस उघडावा लागतो.

पुढे हेन्री कझेन्स तेरला आले. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली प्राचीन 'तगर' म्हणजे आजचे तेर असे प्रतिपादन केले होते. कझेन्स यांचा तेरवरील लेख पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तान्तात आहे. तोपर्यंत कोरड्या काचपट्ट्या रूढ झाल्या होत्या आणि अंधारा तंबू बरोबर नेण्याची गरज उरली नव्हती. तेरमधील त्रिविक्रमाचे विटांचे, गजपृष्ठाकार छपराचे देऊळ हा मूळचा बौद्ध चैत्य आहे, हे कझेन्स यांनी ओळखले. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या देवळात हात जोडत होते, त्याच्या पाठीकडचा गोलवा चैत्याचा आहे हे कळण्यास इतर चैत्य डोळ्यांत साठवलेले असावे लागतात. ती ओळख काचेत नव्हती, कझेन्स यांच्या अभ्यासात होती.

म्हणून साधनाला महत्त्व नाही असे आम्हांस म्हणावयाचे नाही. तसे म्हणणे खोटे विनयाचे ठरेल. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. तेही निजामाच्याच मुलखातले. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या नकला रंगवल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत गेल्या. मधल्या काळात गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्यांची लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली होती. रंगवलेली नकल एकच असते, ती जळली की संपली. छायाचित्राच्या प्रती निघतात, त्या चार ठिकाणी राहतात. गिल यांच्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ साली लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. तेव्हा साधन बदलल्याने गिल यांना मोठा लाभ झाला. पण तो लाभ चित्राच्या आकाराचा नव्हता, प्रतींचा होता.

आमचा अनुभव याहून लहान, तरी त्याच जातीचा आहे. एका गावच्या वेशीजवळील शिलालेखाची आम्ही भर दुपारी, झोताचा दिवा उडवून, बावीस छायाचित्रे घेतली. घरी आल्यावर त्यांतील एकही ओळ लागेना. काहींचे मत पडले की संवेदक अपुरा आहे. पुढच्या रविवारी सकाळी सातला गेलो. ऊन दगडावर तिरपे पडले होते, प्रत्येक अक्षराच्या खोबणीत सावली उभी होती. त्याच कॅमेऱ्याने घेतलेल्या पहिल्याच चित्रात पाच ओळी वाचता आल्या. दुसरा अनुभव अधिक कडू आहे. तीन वर्षांची छायाचित्रे एकाच हार्ड डिस्कवर होती आणि ती एका दिवशी बंद पडली. आमच्यापुरता तो क्रिस्टल पॅलेसच होता.

हिशेब मांडायचाच तर असा मांडता येतो. आमच्या संवेदकाच्या मानाने फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ सुमारे २.३ पट. त्यामुळे सारखीच इतर परिस्थिती धरली तर तो दुपटीहून अधिक प्रकाश गोळा करतो आणि अंधारातील चित्रात दाणे कमी दिसतात. लेण्याच्या काळोखात हा गुण मोठा वाटतो. परंतु दगड हलत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवला आणि पडदा आठ सेकंद उघडा ठेवला, तर लहान संवेदकालाही हवा तेवढा प्रकाश मिळतो. अरुंद गाभाऱ्यात मागे सरकायला जागा नसते हे खरे. पण त्यासाठी लहान संवेदकाचे रुंद कोनाचे भिंग मिळते, आणि त्याला नव्या कॅमेऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी पैसे लागतात.

माणसे मात्र हलतात. तुळजाभवानीच्या या मुलखात रात्रीचा गोंधळ पाहिलेला कोणीही हे समजेल. संबळ वाजत असतो, दिवटीचा उजेड गोंधळ्याच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. तेथे आठ सेकंद कोणी थांबणार नाही, आणि झोताचा दिवा उडवला की दिवटीचा उजेडच मरतो. तेथे मोठ्या संवेदकाचा दावा खरा आहे आणि आम्ही तो मान्य करतो. तथापि असे प्रसंग वर्षात दोन-तीन. आमच्या तालुक्याच्या गावी लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्या मंडळींजवळ फुल-फ्रेम कॅमेरे आहेत. त्या रात्रीपुरता एखादा भाड्याने आणता येईल. विचारायला म्हणून आम्ही त्यांच्यापैकी एकाच्या दुकानात गेलो, आणि तेथे आमचा प्रश्न निराळ्याच दिशेला वळला.

दुकानाच्या माळ्यावर निगेटिव्हांचे पत्र्याचे डबे होते. वडिलांच्या वेळचे, असे तो म्हणाला. उजेडाकडे धरून पाहताना आम्ही वधूवरांकडे पाहत नव्हतो. त्यांच्या मागे ढाळज होती, जाड दगडी भिंत होती, वर माळवद आणि त्याच्या कडेला वाळत घातलेली ज्वारी. गावाचे नाव विचारले तर त्याने लोहाऱ्याकडच्या एका गावाचे सांगितले. ते गाव आता त्या जागी नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, जो भूकंप झाला त्याला आपण किल्लारीचा म्हणतो; पण सास्तूर आणि त्याच्या आसपासची आमच्या जिल्ह्यातील गावेही त्यात कोसळली. हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचा मातीचा जड भार, म्हणजे जे घर पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखत आले तेच अंगावर आले. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते सरळ आले, घरे ओळीत आली. जुन्या गावठाणातील वाड्यांचे, वेशींचे, पारांचे वर्णन वयस्कांच्या बोलण्यात उरले आहे. त्या घरांचे चित्र मुद्दाम कोणी घेतले नव्हते, कारण ती घरे प्राचीन नव्हती, केवळ राहती होती. जी चित्रे उरली ती लग्नाच्या, बारशाच्या छायाचित्रांत, माणसांच्या पाठीमागे.

त्यांतील कित्येक 'क्लिक थ्री' नावाच्या साध्या कॅमेऱ्यावर घेतलेली आहेत. ज्यांचे बालपण सत्तरीत-ऐंशीत गेले त्यांना तो आठवत असेल. एक भिंग, फिरवायला एक-दोन खटके, आणि १२० क्रमांकाच्या फिल्मच्या एका रिळावर बारा चौकोनी चित्रे. त्या निगेटिव्हची बाजू सुमारे ५६ मिलिमीटर. गुणाकार करून पाहावा : ती आजच्या फुल-फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी आहे. पूर्ण चौकट शोधत आम्ही निघालो होतो, ती त्या पत्र्याच्या डब्यात बुरशी धरून पडली होती.

मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' रचले. हिरालाल जैन यांनी ते १९३४ साली संपादित करून प्रसिद्ध केले. त्यात तेरापूरजवळच्या लेण्याची कथा येते. राजा करकंड लेण्यातील पार्श्वनाथाचे दर्शन घेतो. मूर्तीच्या आसनावर एक गाठ त्याला दिसते. शिल्पी सांगतो की खोदकामाच्या वेळी येथे झरा लागला होता, तो बंद करण्यासाठी ही गाठ ठेवली आहे. राजाला राहवत नाही. तो ती फोडायला लावतो. पाणी उसळते, लेणे भरून जाते आणि ज्या मूर्तीसाठी तो आला ती पाण्याखाली जाते. मग त्याला पश्चात्ताप होतो. आमच्या विद्यार्थ्यांना अपभ्रंश वाङ्मय शिकवताना ही कथा आम्ही अनेकदा सांगितली आहे. राजाचा हेतू वाईट नव्हता. समोर मूर्ती असताना त्याची नजर गाठीवर अडली, इतकेच. वर्षभर आमची नजर संवेदकावर अडली होती.

म्हणून तूर्त ठरले ते असे. कॅमेरा जुनाच राहील. जमलेल्या वर्गणीतून एक जड तिकाटणे, बाजूने धरायचा दिवा, मोजपट्टी, जवळून टिपणारे भिंग आणि निगेटिव्ह उजेडावर ठेवून टिपण्यासाठी दुधी काचेची पेटी घ्यायची. तीन हार्ड डिस्क तीन घरांत राहतील. प्रत्येक चित्राबरोबर गाव, जागा, दिशा, माप, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे. बर्जेस यांच्याकडून घ्यायचे ते हेच. गोंधळाच्या रात्री कॅमेरा भाड्याने आणायचा. आमच्यातील एकाला हा निर्णय अजून पटलेला नाही. दगडाचा बारीक पोत पुढल्या अभ्यासकाला लागेल आणि तोवर दगड झिजलेला असेल, असे त्याचे म्हणणे आहे. ते खोडून काढता येत नाही, म्हणून पुढील वर्षी हा विषय पुन्हा काढायचा आहे.

दरम्यान उमरगा, लोहारा आणि औसा परिसरातून शिकायला येणाऱ्या मुलामुलींना आम्ही एक काम सांगू लागलो आहोत. घरातील लोखंडी पेटी उघडा, जुना फोटो आजीसमोर धरा, आणि त्यातील माणसांची नावे विचारून झाली की विचारा : मागे दिसते ती भिंत कोणाची? मागच्या आठवड्यात एका मुलीने सात फोटो आणले. तिसऱ्यात, करवल्यांच्या डोक्यांवरून, वेशीची अर्धी कमान दिसते.