दोऱ्याला बांधलेले केस

शल्य म्हणजे शरीरात रुतून बसलेली परकी वस्तू आणि ती काढण्याची विद्या ते शल्यतंत्र. घशात अडकलेला माशाचा काटा म्हणून या शास्त्राला किरकोळ नाही; शास्त्राच्या नावातच तो आहे.

या विद्येचा जुना ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता; तिची काठमांडूतली एक ताडपत्री पोथी इ.स. ८७८ची. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली, डल्हणाच्या टीकेसह निघालेली प्रत मुंबईच्या निर्णयसागरने १९१५ साली छापली. तिच्या सूत्रस्थानाच्या २७व्या अध्यायात उपाय वस्तूगणिक बदलतात. लाख अडकली असेल तर घशात नळी घालून तिच्यातून तापलेली सळई सरकवावी, लाख चिकटली की गार पाण्याने घट्ट करून ओढून घ्यावी. दुसरे काही असेल तर सळईच्या टोकालाच लाख किंवा मेण लावावे. नळी असते ती सळईच्या चटक्यापासून घसा वाचवायला. हे हाताने केलेल्या माणसाचे लिहिणे आहे, असे माझे मत.

काट्यासाठी केसांचा गुंडा लांब दोऱ्याला बांधून पातळ पदार्थाबरोबर गिळवायचा, गळ्यापर्यंत पाजून उलटी काढायची आणि काटा गुंतला की दोरा झटकन ओढायचा. घसा सोलवटणार, हे ग्रंथ जाणतो: जखमी घशाला मध-तूप चाटवा, असे तो लगेच सांगतो.

उलटीचा भाग मात्र आज सोडायलाच हवा. लायडनच्या बोअरहाव्ह यांनी १७२४ साली एका डच दर्यासारंगाची हकिगत छापली. भरपेट जेवणानंतर उलटीचे औषध घेतल्यावर त्याची अन्ननलिका फाटली आणि दिवसभरात तो गेला. शवविच्छेदनात छातीच्या पोकळीत खाल्लेल्या बदकाचा वास आला. अशी आपोआप फाटलेली अन्ननलिका शिवून रुग्ण वाचवल्याची नोंद यायला १९४७ साल उजाडले, लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांच्या हातून. अडकलेल्या वस्तूने छातीत भोक पाडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तरी काम तेच: छाती उघडून घाण धुवायची, मेलेला भाग काढायचा, भोक शिवायचे, निचऱ्याची नळी ठेवायची.

मधाचे प्रकरण मिटलेले नाही. २० मिलिमीटरची लिथियम बटन बॅटरी अन्ननलिकेत अडकली की विजेच्या प्रवाहाने तिथे क्षार तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजणे होऊ शकते. २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकरांच्या पिलांवर पाहिले, तर मधाने ही इजा कमी झाली. सुश्रुताला बॅटरी ठाऊक होती, असा अर्थ कुणी काढू नये.

नाशिकजवळच्या ओझरच्या आईवडिलांना एवढेच सांगणे. रिमोटमधली बटन बॅटरी मुलाने गिळल्याचा संशय आला तर उलटी करवू नका, केळे-भात कोंबू नका. मूल वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, तोही वाटेत. नाशिकचा रस्ता आधी धरा आणि एक्स-रे काढायला सांगा: नाण्याला एक कडा दिसते, बॅटरीला दोन.