नारू आणि पायविहिरी

जुन्या बारवांच्या पायऱ्या बुजविलेल्या किंवा त्यांवर कठडा घातलेला आढळला, म्हणजे पुराणवस्तूंचे अभ्यासक ती ग्रामस्थांची अनास्था समजतात. कित्येक ठिकाणीं ही समजूत खरीही असेल. परंतु या फेरफारांच्या मागें एक निराळें कारणही संभवतें, तें येथें नमूद करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नारू, म्हणजे संस्कृत वैद्यकांतील स्नायुक, हा दोऱ्यासारखा कृमि होय. मादीची लांबी दोन हातांपर्यंत भरते. ती बहुधा पायावर फोड आणून बाहेर पडे व काडीवर रोज थोडीथोडी गुंडाळून काढावी लागे. मध्येंच तुटल्यास पाय सुजून पिके आणि ऐन शेतीच्या दिवसांत कर्ता माणूस कित्येक आठवडे घरीं पडून राही.

रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेइ फेडचेंको यानें इ. स. १८७० च्या सुमारास तुर्कस्तानांत या रोगाचा मार्ग शोधिला. फोडाची आग शमविण्यास रोगी पाण्यांत उतरला कीं नारूचीं पिलें पाण्यांत सुटतात. तीं एका अतिसूक्ष्म जलजंतूच्या पोटांत जातात. तें पाणी न गाळतां पिणारास सुमारें वर्षानें नारू होतो. अर्थात् माणसाचा पाय व पिण्याचें पाणी यांची गांठ पडल्यावांचून हा रोग पसरत नाहीं. पायविहिरींत ही गांठ पडते. कठड्याच्या, पोहऱ्यानें शेंदण्याच्या विहिरींत ती तुटते.

या रोगावर औषध नाहीं, लसही नाहीं. तरी हिंदुस्थानांत १९८३-८४ पासून चाललेल्या मोहिमेंत पायविहिरींचें रूपांतर, हातपंप, कापडाचीं गाळणीं व पाण्यांत घालावयाचें जंतुनाशक यांनीं तो हटला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला व फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त ठरविला.

साताऱ्याजवळील लिंब येथील विहिरीच्या शिलालेखावरून ती बांधविणाऱ्या वीरूबाई भोसले यांचें नांव कळतें. अशा बांधविणारांच्या पुण्याईस वरील विवेचनानें उणेपणा येत नाहीं. तहानेल्यास पाणी देण्याचाच त्यांचा हेतु होता. मात्र शिलालेख दात्याचें नांव सांगतो, तें पाणी पिणारांच्या प्रकृतीविषयीं मुका असतो. म्हणून जुन्या बाडांतील नारूवरचे तोडगे उतरून घेतांना त्या गांवच्या पाणवठ्याची रचनाही टिपून ठेवावी, आणि बारवेचा गाळ काढतांना पायऱ्या कोणीं, केव्हां व कशासाठीं बुजविल्या याची विचारपूस आधीं करावी, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे. बुजविलेली पायरी हाही लोकांच्या आरोग्याचा एक अस्सल कागदच होय.